हुकुमचंद मिलच्या कामगारांना दिलंत तसं आम्हालाही द्या, पण तीस वर्षांनी नको

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार
मा. नगरीय विकास व आवास मंत्री, मध्य प्रदेश शासन
आणि इंदूरचे सगळे लोकप्रतिनिधी

सादर नमस्कार.

मी इंदूरचा, रामबागेतला. एका बँकेत 34 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची 11 होम लोनच्या टेबलावर, आणि 2021 ला रिटायर झालो. हे आधीच सांगून टाकतो कारण पुढे जे आकडे लिहिणार आहे ते कुठून ऐकलेले नाहीत, असे कागद रोज माझ्या हातातून जायचे, आणि त्याच ओळखीच्या जोरावर मी स्वतःही फसलो आणि जवळच्या तिघांनाही त्यात ओढलं.

बायपासच्या बाजूला आमची बिल्डिंग आहे. तीन टॉवर, खाली पार्किंग आणि वर आठ-आठ मजले, सगळे स्लॅब पडलेले, विटांचं काम बरंचसं झालेलं आणि त्यापुढे काहीच नाही. 96 फ्लॅट, त्यातले 74 विकलेले. 2016 ला बुकिंग सुरू झालं, डिसेंबर 2019 चं पझेशन लिहून दिलं होतं, मग काम ढिलं पडलं, मग लॉकडाऊन, मग थोडं चालू, परत बंद, आणि 2022 च्या पावसाळ्यापासून साइटवर एक चौकीदार सोडला तर माणूस नाही. त्याचा पगार पण आता आम्ही घेणारेच वर्गणी काढून देतो, नाहीतर खिडक्यांच्या फ्रेमा आणि उरलेल्या सळया कधीच भंगारात गेल्या असत्या. बिल्डरचं नाव इथे लिहीत नाही, केस चालू आहे, आणि मला जे मागायचंय ते त्याच्याकडून नाही, तुमच्याकडून मागायचंय.

हिंदीतून अर्ज आम्ही तीनदा दिलेत, पोच आहे. हे मराठीत लिहितोय कारण आमच्या 74 मधली निम्मी तरी घरं मराठी आहेत, सुदामा नगर, लोकमान्य नगर, टिळक नगर, वैशाली नगर इकडची, आणि दुसरं म्हणजे पुण्या-ठाण्याकडे आमचे जे नातेवाईक आहेत त्यांच्यातले कितीतरी याच अवस्थेत आहेत, त्यांनीही हे वाचावं आणि आपापल्या सरकारला विचारावं.

आधी एक गोष्ट सांगतो, इंदूरकरांना माहितीच आहे पण दिल्लीत कदाचित विसरले असतील. आमच्या गल्लीत एक काका होते, हुकुमचंद मिलमध्ये साचेखात्यात. मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायच्या रांगेत, पगार आणि ग्रॅच्युइटी अडकली. काका धोतराचा सोगा खोचून गेटवरच्या बैठकीला जायचे, आले की आई विचारायची काय झालं हो, ते म्हणायचे तारीख मिळाली. असं वर्षानुवर्षं. काका गेले, काकू गेल्या. 25 डिसेंबर 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते साधारण 224 कोटींचा चेक दिला गेला तेव्हा त्यांच्या मुलाने पैसे घेतले, तो स्वतः तेव्हा साठीला आला होता. सुमारे 4,800 कामगारांचा प्रश्न होता तो.

पण तो पैसा आला कसा ते बघा. सरकारने सगळ्यांशी बोलून सेटलमेंट केली, कोर्टाची मान्यता घेतली, देणी आधी स्वतः भरून टाकली, आणि त्या बदल्यात मिलची जमीन ताब्यात घेऊन तिथे घरं-दुकानं उभारायचं ठरवलं. म्हणजे एका खाजगी कंपनीच्या बुडण्यात सरकारने आधी पैसा घातला, गरिबाचे पैसे मोकळे केले आणि स्वतःचे पैसे जमिनीतून काढायची सोय केली. मला ती योजना मनापासून आवडली. त्यात चुकीचं एकच होतं, उशीर. जे 2023 ला जमलं ते 1995 ला का जमू नये याचं उत्तर आजही मला मिळालेलं नाही, आणि माझी तुमच्याकडे मागणी एका ओळीत सांगायची तर हीच की आमच्यासारख्या अडकलेल्या बिल्डिंगांना तसंच करा, पण आत्ता करा.

आता बिल्डिंग अडकते कशी ते सांगतो, कारण लोकांना वाटतं बिल्डर पैसे घेऊन पळाला, संपलं. काही ठिकाणी तसंच असतं. पण बहुतेक ठिकाणी घोळ पैसे मागायच्या पद्धतीतच असतो. होम लोन टप्प्याटप्प्याने सुटतं, प्लिंथ झाला की इतके टक्के, पहिला स्लॅब पडला की इतके, दुसरा, तिसरा असं. बिल्डर डिमांड लेटर पाठवतो, सोबत आर्किटेक्टचं सर्टिफिकेट, आमचा व्हॅल्युअर जाऊन फोटो काढून येतो, स्लॅब दिसला की पैसे सोडायचे. मी स्वतः असे शेकड्याने चेक सोडलेत. होतं काय की शेवटचा स्लॅब पडेपर्यंत फ्लॅटच्या किमतीतले 85 टक्क्यांच्या आसपास पैसे निघून गेलेले असतात, आणि उरलेल्या 15 टक्क्यांत प्लॅस्टर, फरशी, प्लंबिंग, वायरिंग, लिफ्ट, फायरचं काम, सांडपाण्याचा प्लांट, ट्रान्सफॉर्मर, नर्मदेचं कनेक्शन एवढं सगळं करायचं असतं. सांगाडा तुलनेने स्वस्तात उभा राहतो, खरा खर्च त्याच्यानंतर आहे. मधल्या काळात स्लॅबचे पैसे दुसऱ्या जमिनीच्या बयान्यात गेले असतील तर शेवटच्या टप्प्याला हात रिकामे. आमच्याकडे हेच झालं.

रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, याच्यासाठीच तर आला. 15 मार्च 2016 ला लोकसभेत तो पास झाला तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी आपल्या इंदूरच्या सुमित्राताई महाजन होत्या, आम्ही टीव्हीवर बघितलं होतं आणि घरात बोललोही होतो की आता मकान घेणाऱ्याला वाली मिळाला. त्या कायद्यात घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए तिघांच्या सर्टिफिकेटवर काढायचे असं स्पष्ट लिहिलंय. चांगला कायदा आहे, मी आजही म्हणतो. पण जे प्रोजेक्ट 2017 च्या आधीच अर्धे झाले होते आणि चालू म्हणून रजिस्टर झाले, त्यांचे आधीचे पैसे तर आधीच खर्च झालेले होते, ते कुठून परत येणार.

कायद्यात पैसे व्याजासकट परत मागायचा हक्क पण आहे. आमच्यातले नऊ जण गेले त्या वाटेने, भोपाळला रेराच्या पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, जाणं म्हणजे जाऊन-येऊन चारशे किलोमीटर, सकाळी पाचला गाडी काढायची. ऑर्डर त्यांच्या बाजूने लागली. वसुलीचा कागदही निघाला. पैसा आला नाही, कारण ज्याच्या खात्यात पैसाच नाही त्याच्याकडून वसूल काय करणार, साइट जप्त करायची म्हटलं तर ती आधीच बिल्डरला कर्ज देणाऱ्या लेंडरकडे गहाण आणि तिच्यावर बाकीच्या 65 घरांचा हक्क. म्हणून मी म्हणतो की रिफंडची ऑर्डर हातात असून उपयोग नाही, बिल्डिंग पूर्ण होणं हाच एक रस्ता आहे ज्यात सगळ्यांचं थोडं थोडं निघतं.

दिवाळखोरीचा रस्ता पण आम्ही बघितला. इंदूरलाच एनसीएलटीचं, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या केसेस बघणाऱ्या ट्रिब्युनलचं, बेंच आहे, 2018 पासून घर घेणाऱ्यांना फायनान्शियल क्रेडिटर, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेसारखंच, धरतात, आणि 2020 पासून 100 जण किंवा 10 टक्के यातलं जे कमी असेल तेवढे लोक मिळून अर्ज करू शकतात, म्हणजे आमच्याकडे आठ माणसं पुरेत. यावर आमच्यात दोन तट पडले, मीटिंगमध्ये आवाज चढले, एकाने दुसऱ्याच्या घरचं काढलं, ते इथे सांगत नाही. कागदावर मुदत 330 दिवसांची आहे, पण एवढ्याशा प्रोजेक्टला नवा घेणारा मिळाला नाही तर पुढे लिक्विडेशन, आणि लिक्विडेशन म्हणजे काय ते हुकुमचंदच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला सांगायला नको. आम्ही थांबलो.

आता आमचा हिशोब. आमच्यातल्या एकाचा मुलगा सिव्हिल इंजिनिअर आहे, त्याने आणि एका बाहेरच्या चार्टर्ड इंजिनिअरने मिळून मजला न् मजला फिरून एस्टिमेट काढलं. उरलेलं काम 11 कोटींचं. विकलेल्या 74 फ्लॅटवाल्यांकडून यायचे बाकी 3 कोटी 40 लाख. न विकलेले 22 फ्लॅट, आजच्या भावाने 40 लाख धरले तर 8 कोटी 80 लाख. बेरीज 12 कोटी 20 लाख. म्हणजे खर्चापेक्षा येणं जास्त आहे. लेंडरचं जुनं कर्ज बाजूला ठेवलं तर ही बिल्डिंग तोट्यात नाही. मी हे आकडे चार वेळा तपासलेत, रात्री उठून तपासलेत.

मग अडलंय कुठे. बाकी पैसे आम्ही देत नाही कारण काम चालू नाही, आणि बँकही सोडणार नाही. 22 फ्लॅट कोणी घेत नाही कारण काम चालू नाही. काम चालू होत नाही कारण पैसा नाही. कोणीतरी पहिले 4 कोटी घालून ए टॉवर पूर्ण केला, लिफ्ट लावली, ट्रान्सफॉर्मर बसवला की बाकीचे पैसे आपोआप सुटायला लागतात. त्या 4 कोटींवर 12 टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज धरलं तर 96 लाख होतात, तेही वरच्या 1 कोटी 20 लाखात बसतं. ताणून बसतं, पण बसतं. हे 4 कोटी कोणतीही साधी बँक देणार नाही, मी बँकेत होतो, मीही फाइल परत पाठवली असती, कारण जमीन आधीच गहाण आणि बिल्डरचं रेकॉर्ड खराब. म्हणूनच तर सरकारचा पैसा लागतो. जिथे धंदा म्हणून कोणी आधी पाय टाकणार नाही पण टाकला तर पैसा परत येतो, अशाच जागेसाठी तो असतो.

आणि केंद्राने हे ओळखलं पण आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये अडकलेली घरं पूर्ण करायला स्वामिह फंड आणला, लोक त्याला स्वामी फंड म्हणतात, 25,000 कोटींपर्यंतचा इरादा, त्यात सरकारचे 10,000 कोटी, स्टेट बँकेच्या ग्रुपमधली कंपनी तो चालवते. 2022 च्या शेवटी तो 15,530 कोटींवर बंद झाला. अर्थमंत्री महोदया, 2025 च्या बजेट भाषणात तुम्हीच सांगितलंत की 50,000 घरं पूर्ण झाली, अजून 40,000 त्या वर्षात होतील, आणि 15,000 कोटींचा स्वामिह 2 येतोय, त्यातून 1 लाख घरं. मी त्या दिवशी घरात सगळ्यांना बोलावून ते वाक्य परत लावून ऐकवलं. बायको म्हणाली, आपलं त्यात असेल का?

तेच विचारायला हे पत्र आहे.

कागदावर आमचं बहुतेक बसतं. महानगरांच्या बाहेर 1 कोटीपर्यंतच्या किमतीची घरं चालतात, आमची 40 लाखांची. कार्पेट 200 चौरस मीटरपर्यंत चालतो, आमचा त्याच्या निम्म्याहून कमी. रेरा रजिस्टर्ड पाहिजे, आहे. प्रोजेक्टचं येणं उरलेला खर्च आणि जुनी देणी यांच्यापेक्षा जास्त पाहिजे, खर्चापेक्षा जास्त आहे ते वर दाखवलं, लेंडरचं जुनं कर्ज धरलं तर मात्र बसत नाही. कर्ज थकून एनपीए झालेला असला तरी चालतो. पण फंडाला पहिला हक्क हवा असतो, म्हणजे जुन्या लेंडरने मागे सरकायला पाहिजे, आमच्या लेंडरचे मूळ 5 कोटी आहेत आणि तो म्हणतो मी का सरकू. दुसरं म्हणजे हिशोबाची पुस्तकं, टायटलचे कागद, लेंडरची संमती हे सगळं प्रमोटरकडून यायला लागतं, आम्ही 74 जणांनी नुसतं पत्र पाठवून काही हलत नाही. ज्या माणसाने आमचे फोन उचलणं बंद केलंय त्यानेच आमच्यासाठी अर्ज करायचा, अशी आमची अडचण आहे. आणि तिसरं, 4 कोटींची फाइल आणि 200 कोटींची फाइल, दोन्हीला वकील, ऑडिट, इंजिनिअरची तपासणी तितकीच लागते, मग मोठा फंड चालवणारा माणूस साहजिकच मोठ्या प्रोजेक्टकडे बघणार. त्यात त्याची चूक नाही. पण इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन, जबलपूर इथले शंभर-दीडशे फ्लॅटचे प्रोजेक्ट मग कोणाच्या नजरेत येणार?

केंद्राने नेमलेल्या अमिताभ कांत यांच्या समितीने 2023 मध्ये जो रिपोर्ट दिला त्यात देशात 4 लाख 12 हजार घरं अडकलेली सांगितली, त्यातली 2 लाख 40 हजार दिल्लीच्या आसपास. साहजिक आहे, पेपरात नोएडा येतं, तिथल्या आम्रपाली या बिल्डर कंपनीचं येतं. आम्रपालीत सुप्रीम कोर्टाने जुलै 2019 ला कंपनीचं रजिस्ट्रेशन रद्द करून एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीला काम पूर्ण करायला लावलं, ते फार मोठं काम झालं, हजारो लोक राहायला गेले. पण त्यासाठी हजारोंनी लोक लागले, वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात. 74 जणांनी सुप्रीम कोर्टात जायचं म्हटलं तर वकिलाच्या फीमध्येच एक फ्लॅट जाईल.

म्हणून मागतोय ते असं आहे. स्वामिह 2 मध्ये छोट्या शहरांसाठी आणि छोट्या प्रोजेक्टसाठी वेगळा हिस्सा ठेवा, आणि फाइली एकेक न घेता एका शहरातले आठ-दहा प्रोजेक्ट एकत्र बांधून बघा म्हणजे तपासणीचा खर्च वाटला जाईल. प्रमोटर पुढे येत नसेल तर घेणाऱ्यांच्या असोसिएशनला अर्ज करता आला पाहिजे. रेराच्या कलम 8 मध्ये सरळ लिहिलंय की रजिस्ट्रेशन संपलं किंवा रद्द झालं तर उरलेलं काम कोणाकडून करून घ्यायचं ते ठरवता येतं आणि त्यात पहिला हक्क असोसिएशनचा. हक्क आहे, पैसा नाही. रिकाम्या हाताने हक्क घेऊन आम्ही काय करणार, 74 घरं, त्यात बहुतेक नोकरदार, दोन रिटायर मास्तर आणि एक किराणा दुकानवाले. कलम 8 आणि हा फंड एकमेकांना जोडा, एवढं एक जरी झालं तरी माझ्या मते अर्ध्या गाठी सुटतील.

राज्य सरकारला माझं म्हणणं असं की सगळं केंद्रावर सोडू नका. स्वतःचा एक फिरता फंड करा, एका बिल्डिंगचे पैसे परत आले की दुसरीत. इंदूर शहराला पैसा उभा करायला शिकवायची गरज नाही. फेब्रुवारी 2023 ला आपल्या निगमने जलूदच्या सोलर प्लांटसाठी ग्रीन बाँड काढले, 244 कोटी, आणि लोकांनी त्याच्या कितीतरी पट मागणी केली, माझ्या ओळखीच्या रिटायर लोकांनी सुद्धा घेतले, मीही घेणार होतो पण माझे पैसे कुठे होते ते तुम्हाला आता कळलंच असेल. नर्मदेचं पाणी वर चढवायच्या विजेचा खर्च वाचवायला जर शहर बाँड काढू शकतं तर शहरातल्या लोकांची अर्धवट घरं पूर्ण करायला पण काढू शकेल, सुरुवातीची गॅरंटी राज्याने द्यावी. आणि कॉलनी कापताना कॉलनायझरचे, म्हणजे प्लॉट पाडून विकणाऱ्याचे, काही प्लॉट जसे निगमकडे गहाण ठेवतात, विकासकामं झाल्याशिवाय सोडत नाहीत, तसेच बिल्डिंगमधले काही फ्लॅट लिफ्ट, वीज, पाणी होईपर्यंत गहाण ठेवा ना. निदान पुढे तरी कोणी आमच्यासारखं अडकणार नाही. सोबत अशा प्रोजेक्टवर परवानगीची मुदत वाढवायची फी, थकबाकीचं व्याज हे सोडून द्या, उत्तर प्रदेशने नोएडाकडच्या प्रोजेक्टना कोविडच्या काळातलं व्याज माफ केलं, आपल्याकडे का नको.

लेंडरचं पण बोलतो, कारण मी त्या बाजूला बसलेलो आहे. त्याने पहिला हक्क सोडला तर त्याचं नुकसान होईल हे खरं आहे, या बिल्डिंगमधून त्याला फारसं मिळणार नाही. पण आज त्याच्या हातात काय आहे? गंजत चाललेलं लोखंड आणि 74 दावे. त्याच्याकडे बिल्डरची दुसरी जमीनही गहाण आहे, त्याने तिकडे वसुली करावी आणि इथून वाट द्यावी, आणि ते त्याला समजवायची ताकद आमच्यात नाही, सरकारात आहे. हुकुमचंदमध्ये पण सगळ्या देणेकऱ्या-घेणेकऱ्यांना एका टेबलावर बसवलंच ना.

काही लोक म्हणतील, म्हणतातच, की घर तुम्ही घेतलंत, रिस्क तुमची, आमच्या टॅक्सच्या पैशाने तुमचं मकान का पूर्ण करायचं. हा प्रश्न माझ्या सख्ख्या भावाने मला विचारलाय, आणि तो वाईट माणूस नाही, त्याने कधी कर्ज काढलं नाही, राजवाड्यामागच्या जुन्या घरात राहतो आणि टॅक्स भरतो. त्याला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. हे दान नाही, कर्ज आहे, व्याजासकट परत येणारं. आणि आमच्या प्रत्येक अ‍ॅग्रीमेंटवर सरकारने स्टॅम्प ड्युटी घेतली, हप्त्यांवर आधी सर्व्हिस टॅक्स मग जीएसटी घेतला, नकाशा पास करायची फी घेतली, आणि हे सगळं अशा घरासाठी जे अजून झालेलंच नाही. आम्ही शेअर बाजारात पैसे लावले नव्हते, सरकारी शिक्क्यांचे कागद बघून घर घेतलं होतं. सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सुद्धा म्हटलंय की घर हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि अडकलेल्या प्रोजेक्टसाठी सरकारने रिव्हायव्हल फंडाचा किंवा स्वामिह वाढवायचा विचार करावा.

भावाचा दुसरा मुद्दा मात्र मला मान्य आहे, की याने बिल्डर सोकावतील, आधी पैसे उडवायचे मग सरकार येईलच. म्हणून हात जोडून सांगतो, एक रुपया बिल्डरच्या हातात देऊ नका. पैसा वेगळ्या खात्यात, कॉन्ट्रॅक्टरला थेट, काम बघून, सही असोसिएशनची आणि नेमलेल्या इंजिनिअरची. आधीचा पैसा कुठे गेला त्याचं फॉरेन्सिक ऑडिट आधी सुरू करा, आणि काम झालं म्हणून ते बंद करू नका. त्याची स्वतःची प्रॉपर्टी यात लागली पाहिजे. आम्हाला घर मिळालं म्हणून आम्ही त्याला माफ करू असं कोणी समजू नये.

अर्थमंत्री महोदया, एक छोटी गोष्ट आहे पण लोकांना फार बोचते. जुन्या टॅक्स पद्धतीत होम लोनच्या व्याजावर 2 लाखांची सूट मिळते, पण ती घर पूर्ण झाल्यावर, आणि कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही तर ती 30,000 वर येते. म्हणजे उशीर बिल्डरने केला आणि सूट आमची कापली गेली. ज्या प्रोजेक्टला उशीर झाल्याचं रेराच्या ऑर्डरमध्येच लिहिलंय तिथे तरी ही पाच वर्षांची अट काढा. याला तर फंड पण लागत नाही.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. माझ्या सांगण्यावरून तिघांनी त्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं, धाकटा मेहुणा, आमच्या ब्रांचमधल्या एका गेलेल्या सहकाऱ्याची बायको, आणि माझी चुलत पुतणी. पुतणी नर्स आहे. तिने मला विचारलं होतं, काका, घेऊ का? मी लीगल रिपोर्ट बघितला, टायटल क्लिअर, नकाशा पास, आमच्याच बँकेचं अप्रूव्हल, आणि म्हटलं डोळे मिटून घे. आज ती महिन्याला 24,000 ईएमआय भरते आणि वर 11,000 भाडं, नाइट ड्युट्या मागून घेते. ती मला कधी काही बोलली नाही. मागच्या वर्षी अनंत चतुर्दशीला झाँकी बघायला सगळे जमलो होतो तेव्हा तिच्या मुलाने विचारलं आजोबा, आपलं घर कधी होणार, तो आता सातवीत आहे, बुकिंग केलं तेव्हा दोन-अडीच वर्षांचा होता, आणि ती पटकन म्हणाली, अरे आजोबा करतायत ना प्रयत्न. त्या रात्री मी घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं, मग सहा महिने कागद जमवण्यात गेले.

माझ्या बायकोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. रामबागेतलं आमचं भाड्याचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना उभा आहे, ती आठवड्यातून एकदाच खाली उतरते. लिफ्टच्या घरात जायचं म्हणून आम्ही तो फ्लॅट घेतला होता. लिफ्टचा शाफ्ट तयार आहे, तीन वर्षं झाली त्याच्यात पावसाचं पाणी साठतंय, उन्हाळ्यात आम्ही मोटर लावून काढतो. बांधकाम असं उघडं पडलं की दर पावसाळ्याला त्याचा खर्च वाढतो, प्लॅस्टर नसलेल्या भिंती पाणी पितात, बाहेर निघालेल्या सळया गंजतात. मागच्या एस्टिमेटमध्ये जे काम सव्वादहा कोटींचं होतं ते आज 11 चं आहे. अजून दोन पावसाळे गेले की वरचा 1 कोटी 20 लाखांचा फरक उरणार नाही, आणि मग तुम्ही म्हणाल की या प्रोजेक्टचा हिशोब बसत नाही, आणि तेव्हा तुमचं म्हणणं खरं असेल. म्हणून घाई करतोय.

कागद सगळे तयार आहेत. रेराचं रजिस्ट्रेशन, सगळ्या ऑर्डरी, 74 अ‍ॅग्रीमेंटच्या कॉप्या, कोणी किती भरले त्याचा बँक स्टेटमेंटशी जुळवलेला तक्ता, दोन्ही एस्टिमेट, मजल्यावार फोटो, असोसिएशनचा ठराव की बाकीचे पैसे काम सुरू होताच वेगळ्या खात्यात भरायला आम्ही तयार आहोत, त्यावर 71 सह्या. तीन जण परदेशात आहेत, त्यांची संमती मेलवर आहे. एक माणूस पाठवा ज्याला हिशोब वाचता येतो, मी त्याच्यासोबत बसतो, लागेल तितके दिवस बसतो.

दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही काही जण साइटच्या गेटपाशी असतो. आपल्यापैकी कोणीही या, आधी कळवायची गरज नाही. पुतणीचा फ्लॅट बी टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर आहे, तो आधी दाखवीन. जिन्याला अजून रेलिंग नाही, भिंतीच्या बाजूने चढावं लागतं.

आपला,
रामबाग, इंदूरचा एक रिटायर बँक कर्मचारी,
74 घरांच्या वतीने